कसे कळले ते विचार

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेले मुलाखतीचे ध्वनिमुद्रण मिळाले. पत्रातला सूर इतका खचलेला होता की आधी ध्वनिमुद्रण ऐकावे आणि मगच उत्तर लिहावे असे ठरवले. ऐकल्यावर मात्र लिहायला बसण्याची घाई झाली. तू लिहितेस की त्या इतिहासकारांशी बोलताना तुझा आवाज बारीक झाला, नंतर एका श्रोत्याने 'अमेरिकी गृहयुद्धानंतरच्या दक्षिणेविषयी विचारणारी ही कोण' अशा अर्थाचे काहीतरी लिहून पाठवले, दुसऱ्याने पाहुण्यांना फार सहज सोडून दिलेस म्हणून झापले, आणि आता पुढच्या महिन्यातील मुलाखत घ्यावी की नाही याच विचारात तू अडकली आहेस. घे. त्यावर चर्चा नको. पण ज्या गोष्टींसाठी तू स्वतःला दोष देते आहेस त्या दोषाच्या नाहीत, आणि जी खरोखर खटकली तिचा तुझ्या पत्रात उल्लेखही नाही.

आधी तो 'ही कोण' हा प्रश्न निकालात काढू. अमेरिकेचे राजकारण समजून घेताना ज्या संभाषणांचा आजही आधार घेतला जातो, त्यांतली कितीतरी परक्या माणसांनी केलेली आहेत. फ्रेंच लेखक अलेक्सी द तोकविल 1831 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला उतरला तेव्हा तो 25 वर्षांचा होता, सरकारी कामगिरी तुरुंगांची पाहणी करण्याची होती आणि इंग्रजी बेताचेच होते. तरीही जो भेटेल त्याला तो विचारत राहिला. बॉस्टनला जेवणाच्या टेबलावर माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना त्याने गुलामगिरीविषयी विचारले. मिसिसिपी नदीवरच्या बोटीत, पुढे टेक्सासचा पुढारी झालेला सॅम ह्यूस्टन भेटला, तो मूळ रहिवाशांमध्ये राहिलेला माणूस आहे हे कळल्यावर त्याच्याकडून त्यांच्या चालीरीती काढून घेतल्या. यांतले बरेचसे त्याने प्रश्न आणि उत्तर अशा स्वरूपात वह्यांमध्ये उतरवून ठेवले. आपल्या पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे देशभर हिंडल्या, आणि 1889 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्या देशाने त्या भारावून गेल्या होत्या, तरी मूळ रहिवाशांशी आणि कृष्णवर्णीयांशी गोरे लोक कसे वागतात हे लिहायला त्या कचरल्या नाहीत. या दोघांना कोणी परवाना दिला होता?

आणि तू तर परकीही नाहीस. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला होता. 1946 नंतर ते मिळू लागले, पण वर्षाला सुमारे 100 माणसांपुरता दरवाजा किलकिला होता. 1965 मध्ये ऑगस्टात मतदान हक्काचा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखाली उभे राहून स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. तुझे आजोबा ज्या विमानाने आले, त्या विमानाचे तिकीट कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या वातावरणात छापले गेले होते. आपल्या मंडळातले लोक गणपतीच्या जेवणावळीत 'आम्ही गुणवत्तेवर आलो' असे सांगतात तेव्हा हे कोणी आठवत नाही. तेव्हा पुन्हा कोणी 'ही कोण' असे विचारले, तर उत्तर देण्यात वेळ दवडू नकोस. पुढचा प्रश्न विचार.

आता खटकले ते सांगतो. सबंध मुलाखतीत तू पाहुण्यांना मत विचारत राहिलीस. आजच्या दुहीविषयी आपल्याला काय वाटते? लोकशाहीच्या भवितव्याविषयी आपण आशावादी आहात का? आजच्या पक्षांमध्ये आपल्याला त्या काळाची छाया दिसते का? ही उत्तरे त्यांनी शंभर ठिकाणी दिलेली आहेत, ती त्यांना झोपेतही देता येतील, आणि ऐकताना मला खरोखर ती झोपेत दिल्यासारखीच वाटली. ज्या गृहस्थांनी फ्रीडमेन्स ब्यूरोच्या, म्हणजे मुक्त गुलामांसाठी काढलेल्या सरकारी खात्याच्या, दफ्तरात वर्षे घालवली, मुक्त झालेल्या माणसांचे मजुरीचे करार, विवाहनोंदी आणि मारहाणीच्या तक्रारी एकेक करून वाचल्या, ते आपणहून एका कराराविषयी बोलू लागले होते. करारनाम्याखाली सहीच्या जागी फुली होती आणि त्याच माणसाची पुढच्या वर्षीच्या कागदावर सही होती, एवढे त्यांनी सांगितले आणि तू लगेच, 'हो, आणि आजच्या निवडणुकांच्या संदर्भात' असे म्हणून पुढे गेलीस. अगं, थांबायचे होते तिथे! तो माणूस मधल्या वर्षात कुठे शिकला? ती सही त्याचीच, हे कशावरून? हे दोन कागद त्यांना एकत्र सापडले की वेगवेगळ्या ठिकाणी? त्या क्षणी सगळा इतिहास तुझ्या हातात आला होता आणि तू तो वर्तमानपत्राच्या अग्रलेखासाठी सोडून दिलास.

मला तुला सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मत विचारू नकोस, कसे कळले ते विचार.

चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांचे उदाहरण घे. लिंडन जॉन्सन यांचे चरित्र लिहिताना त्यांना जॉन्सन यांचा धाकटा भाऊ सॅम ह्यूस्टन जॉन्सन याच्याशी बोलायचे होते. गृहस्थ गप्पिष्ट, पिणारा, आणि वाढवून सांगणारा. त्याच्या पहिल्या मुलाखती कॅरोंनी बाजूला टाकल्या. पुढे एका दुखण्यानंतर त्याचे पिणे सुटले, माणूस शांत झाला, तेव्हा कॅरोंनी त्याला टेक्सासमधील जॉन्सन सिटीतल्या त्यांच्या बालपणीच्या घरी नेले. ते घर आता स्मारक आहे. पर्यटक निघून गेल्यावर संध्याकाळी त्यांनी त्याला जेवणाच्या टेबलाशी, लहानपणी तो बसायचा त्याच जागेवर बसवले, आणि स्वतः समोर न बसता त्याच्या पाठीमागे बसले, म्हणजे त्याच्या नजरेला ते टेबल सोडून काहीही पडू नये. मग वडील आणि लिंडन यांच्यात जेवताना कशी भांडणे व्हायची एवढेच विचारले. सुरुवातीला तो अडखळला, नंतर वडिलांच्या आवाजात, भावाच्या आवाजात बोलू लागला. तो पुरता रमला तेव्हा कॅरोंनी त्याला सांगितले की लिंडनच्या लहानपणाच्या ज्या सुरस कथा तू मला आणि सगळ्यांना पूर्वी सांगितल्यास, त्याच आता जरा तपशिलाने सांग. त्यावर सॅम ह्यूस्टन म्हणाला की त्या सांगता येणार नाहीत, कारण तसे काही घडलेच नव्हते.

त्या वेळेपर्यंत त्या कथा छापल्या गेल्या होत्या, एका पुस्तकातून दुसऱ्यात गेल्या होत्या. त्या खोट्या ठरल्या त्या कोणी सॅम ह्यूस्टनशी वाद घातला म्हणून नव्हे. 'तुमच्या भावाविषयी तुमचे काय मत' असे कॅरोंनी विचारले असते तर त्याने आणखी दोन कथा रचल्या असत्या. त्यांनी त्याला त्याच्या माहितीच्या मुळाशी, त्या टेबलाशी नेऊन बसवले आणि गप्प राहिले. गप्प राहणे त्यांनाही जड जाते. मुलाखत घेताना ते वहीच्या कडेला 'गप्प बस' या अर्थाची दोन इंग्रजी अक्षरे लिहीत असतात, हे त्यांनीच सांगितले आहे. तुझ्या ध्वनिमुद्रणात पाहुण्यांनी श्वास घेतला की तू बोलतेस. तो श्वास त्यांचा आहे, त्यांना घेऊ दे.

तुझी दुसरी तक्रार अशी की तुझा चेहरा, तुझे नाव आणि उच्चार पाहून पाहुणे तुझ्याशी वेगळे बोलतात, थोडे शिकवल्यासारखे बोलतात, आणि म्हणून अशी मुलाखत 'खरी' नसते. यावर मी तुला दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या सुझन हॅम्लिन या बाईंची हकीकत सांगितलीच पाहिजे. 1936 ते 1938 या काळात सरकारच्या लेखक प्रकल्पाने गुलामगिरीतून आलेल्या 2,300 हून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. 1937 मध्ये या प्रकल्पातील एक गोऱ्या बाई हेन्रिएटा स्ट्रीटवर सुझनबाईंकडे गेल्या. सुझनबाई दाराशी पायरीवर बसलेल्या होत्या आणि त्यांना वाटले की ही सरकारी मदत देणाऱ्या कचेरीतली बाई आहे. मुलाखतकर्तीने तो गैरसमज दूर केला नाही आणि तसे स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवूनही ठेवले. त्या दिवशी सुझनबाईंनी सांगितले की मालक भला होता, खायला-ल्यायला नीट मिळत होते. पुढे त्याच प्रकल्पातील एक कृष्णवर्णीय मुलाखतकार त्यांच्याकडे गेला. त्याला त्यांनी फटक्यांविषयी सांगितले, मुले विकली जात तेव्हा आयांनी फोडलेल्या हंबरड्यांविषयी सांगितले, आणि एका जोडप्याचे रात्री लग्न झाले व सकाळी मालकाने बायकोला विकून टाकले, हेही सांगितले.

बाई एकच, शहर एकच, प्रकल्पही एकच. पुढच्या इतिहासकारांनी या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या आणि साक्ष कशी वाचावी याचा धडा त्यांतून घेतला. पण हे शक्य झाले ते कशामुळे? मुलाखतकर्तीने आपण कोण आहोत असे सुझनबाईंना वाटले, ते लिहून ठेवले होते म्हणून. ती एक ओळ तिने गाळली असती तर मालक भला होता हे एक निखळ 'मत' म्हणून कागदावर राहिले असते. म्हणून तुला सांगतो: तुझ्याशी कोणी वेगळे बोलत असेल तर त्याचे दुःख करू नकोस, त्याची नोंद कर. पाहुणा कुणासमोर बोलतो आहे हाही 'कसे कळले' याचाच भाग आहे. कोरा, कोणाचाच नसलेला मुलाखतकार अजून जन्मायचा आहे.

हाच प्रश्न विद्वानांनाही लावावा लागतो, किंबहुना त्यांना जास्तच. तुझ्या पाहुण्यांनी डनिंग यांच्या परंपरेचा ओझरता उल्लेख केला आणि तू मान डोलावलीस. रेडिओवर डोलावलेली मान ऐकू येत नाही. विल्यम डनिंग कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते आणि त्यांच्या शिष्यांनी गृहयुद्धानंतरच्या पुनर्रचनेवर, म्हणजे दक्षिणेकडील राज्यांची घडी पुन्हा बसवण्याच्या काळावर, राज्यवार ग्रंथ लिहिले. कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे ही घोडचूक होती, हा त्यांचा निष्कर्ष पन्नासेक वर्षे शाळेच्या पुस्तकांत ठाण मांडून बसला. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये त्याच विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा डनिंग तिथेच होते, हे मला नेहमी आठवते. त्या ग्रंथांना टिपा नव्हत्या असे नाही. टिपा भरपूर होत्या. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी 1935 मध्ये त्यांच्यावर हल्ला चढवला तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले की ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचीच साक्ष या लोकांनी ग्राह्य धरलेली नाही. प्रश्न मतांचा नव्हता. कोणाला विचारले आणि कोणाला विचारलेच नाही, हा होता.

आणि विचारायला जाणाऱ्याला दार तरी उघडत होते का? कृष्णवर्णीय इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन 1939 मध्ये उत्तर कॅरोलायनातील रॅलीच्या सरकारी अभिलेखागारात संशोधनासाठी गेले. तिथल्या प्रमुखांनी सांगितले की इमारत बांधताना कृष्णवर्णीय अभ्यासक येईल असे कोणाच्या मनातही आले नव्हते, आणि त्यांच्यासाठी वेगळी खोली तयार करायला काही दिवस मागितले. गोऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांच्यासाठी कागद आणून देण्याची वेळ येऊ नये म्हणून फ्रँकलिन यांनाच दफ्तराच्या किल्ल्या देण्यात आल्या. त्यांनी आत जावे, हवे ते गाडीवर घालून आणावे. दोन आठवड्यांत गोऱ्या अभ्यासकांनी तक्रार केली की या माणसाला किल्ल्या आणि आम्हाला नाहीत, हा आमच्यावर अन्याय आहे. किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. ही हकीकत फ्रँकलिन पुढे अनेक मुलाखतींतून सांगत. वंशभेदाविषयी आपले काय मत, असे विचारून ती कधी हाती लागली नसती. तुम्ही तिथे बसून कागद कसे पाहिलेत, असेच विचारावे लागते.

तू म्हणशील की काका एकच गोष्ट उगाळत आहेत. उगाळतो आहे, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यांत मोठा गोंधळ, तटस्थ राहावे की भिडावे, हा याच एका गोष्टीने सुटतो आणि तू तो भलत्याच ठिकाणी सोडवायला बघते आहेस.

भिडण्याचे म्हणून जे प्रकार दूरचित्रवाणीने रूढ केले, त्यांचा उगम पुष्कळजण 1968 च्या ऑगस्टात शोधतात. एबीसी ही तेव्हा तिसऱ्या क्रमांकाची वाहिनी होती, पक्षांची अधिवेशने दिवसभर दाखवणे तिला परवडत नव्हते, म्हणून तिने उजव्या विचारांचा विल्यम बकली आणि डाव्या विचारांचा गोर व्हिडाल या दोन बुद्धिमान माणसांना रोज रात्री समोरासमोर बसवले. शिकागोला बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालू असताना आत व्हिडालने बकलीला छुपा नाझी म्हटले आणि बकलीने त्याला शिवी हासडून थोबाड फोडण्याची धमकी दिली. दोघेही बहुश्रुत, दोघांचीही भाषा ऐकत राहावी अशी. आणि त्या सगळ्या संध्याकाळींतून आज लोकांना एवढेच आठवते. मतावर मत आदळले की दुसरे काय निघणार?

याच्या उलट पत्रकार ॲलेक्स हेली. 1966 मध्ये ते अमेरिकी नाझी पक्षाचा म्होरक्या जॉर्ज लिंकन रॉकवेल याच्या मुलाखतीला गेले. हेली कृष्णवर्णीय, आणि रॉकवेलने बोलताना शेजारी पिस्तूल काढून ठेवलेले. हेलींनी आवाज चढवला नाही. तो एकेक विधान करत गेला आणि हेली त्याला त्या विधानाचा आधार विचारत गेले. छापील मुलाखत वाचताना पिस्तूलवालाच दर पानाला उघडा पडत जातो. कृष्णवर्णीयांचे जहाल नेते माल्कम एक्स यांच्याशी झालेल्या बैठकांतही सुरुवातीला हेलींच्या हाती फक्त त्यांच्या पंथाची शिकवण लागत होती. मग त्यांच्या ध्यानात आले की हा माणूस कॉफी पिताना कागदी रुमालांवर काहीबाही खरडतो. ते तिथे मुद्दाम कोरे रुमाल ठेवू लागले आणि नंतर ते गोळा करून वाचू लागले. एका रात्री त्यांनी माल्कमना त्यांच्या आईविषयी विचारले, आणि शिकवण बाजूला राहून माणूस पहाटेपर्यंत येरझारा घालत बोलत राहिला.

गोड माणसांपासून मात्र जास्त जप. कादंबरीकार शेल्बी फूट यांनी वीस वर्षे टाक शाईत बुडवून गृहयुद्धाचे तीन खंड लिहिले, आणि 1990 च्या दूरचित्रवाणी मालिकेत आपल्या मिसिसिपीच्या मधाळ उच्चारांत ते गोष्टी सांगू लागले तेव्हा सगळा देश त्यांच्या प्रेमात पडला. मीही पडलो. त्या युद्धाने दोन अस्सल प्रतिभावंत निर्माण केले, लिंकन आणि नेथन बेडफर्ड फॉरेस्ट, असे ते म्हणाले. फॉरेस्ट युद्धापूर्वी मेम्फिसला गुलामांचा व्यापार करत होता, फोर्ट पिलो येथे शरण येणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली तेव्हा सैन्य त्याचे होते, आणि पुढे तो कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेचा पहिला प्रमुख मानला गेला. त्याच मालिकेत बार्बरा फील्ड्स या इतिहासकार बाई शांतपणे गुलामीचा मुद्दा पुन्हा पुन्हा मध्यभागी आणत होत्या, पण लोकांच्या लक्षात राहिला तो मध. फूट यांनी आपल्या खंडांना तळटिपा मुद्दाम दिल्या नाहीत, कारण टिपांनी गोष्टीची लय मोडते असे त्यांचे म्हणणे होते. लेखक म्हणून मला ते पटते. श्रोता म्हणून अजिबात पटत नाही. मोहून टाकणारा पाहुणा समोर असेल तेव्हा त्याला अडवण्याची, खिंडीत गाठण्याची काही गरज नसते. 'हे आपल्याला कुठे सापडले?' एवढेच विचारायचे, हसतमुखाने, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरा प्रश्न करायचा नाही. तुझ्या दुसऱ्या श्रोत्याला जे सोडून देणे वाटते आणि जे भिडणे वाटते, त्या दोन्हींपेक्षा हे अवघड आहे.

आता माझ्याविषयी थोडे, कारण ते तू आडून विचारले आहेस. इलिनॉयच्या ज्या लहानशा रेडिओ केंद्रावर मी इतकी वर्षे दर आठवड्याला एका पुस्तकावर एका लेखकाशी तासभर बोलत असे, तो कार्यक्रम बंद का झाला याविषयी तू मंडळींकडून काहीबाही ऐकले असशील. व्यवस्थापकांना तासाऐवजी बारा मिनिटे हवी होती आणि एका पाहुण्याऐवजी परस्परविरोधी दोन हवे होते. मी नाही म्हणालो. लोक म्हणाले की दिवसा ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या माणसाने एवढा ताठा करू नये. बारा मिनिटांतही काहीतरी चांगले सांगता आले असते. आले असते ना, मत सांगता आले असते! कसे कळले हे सांगायला बारा मिनिटे पुरत नाहीत. लेखकाला आपल्या कागदापर्यंत मागे चालत जायलाच पंधरा लागतात. ब्रायन लॅम्ब यांनी सी-स्पॅन या दूरचित्रवाणी वाहिनीवर 1989 पासून 2004 पर्यंत 800 हून अधिक लेखकांशी एकेक तास असेच बोलून दाखवले. पुस्तक कुणाला अर्पण केले, कुठे बसून लिहिले, कागद कुठल्या पेटीत मिळाले, असे त्यांचे प्रश्न असत. काही विद्वानांना ते बाळबोध वाटत. मला ते आदर्श वाटत आले आहेत. मी हट्टी होतो हे मान्य. चुकलो हे मान्य नाही. कार्यक्रमाच्या फिती केंद्राने इमारत बदलताना टाकून दिल्या, त्याचे मात्र अजूनही वाईट वाटते, आणि त्याहून वाईट वाटते ते रेडिओवरचे मुलाखतकार स्टड्स टर्केल यांचे. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर 1952 पासून 1997 पर्यंत ते बोलत होते, गाडीने गेलो तर दुपारपर्यंत पोचता येईल इतक्या अंतरावर. 1961 मध्ये कृष्णवर्णीय लेखक जेम्स बॉल्डविन आले तेव्हा टर्केल यांनी आधी ब्लूज गायिका बेसी स्मिथचे गाणे लावले आणि हे ऐकताना तुम्हाला काय आठवते तिथून सुरुवात केली. असे प्रश्न कसे सुचतात हे त्यांना विचारायचे माझ्या मनात होते. 2008 मध्ये ते गेले.

वाचनाविषयी एकच सूचना, कारण बाकीचे तुला येते. पुस्तकात खुणेच्या दोन पट्ट्या ठेव, एक मजकुरात आणि एक मागच्या टिपांत, आणि दोन्ही बरोबरीने पुढे सरकव. टिपांची पट्टी मागे राहिली तर मुलाखत पुढे ढकल. जिथे मजकूर ठाम आहे आणि टीप बारीक आहे, किंवा एका परिच्छेदाला अर्ध्या पानाची टीप आहे, तिथे पेन्सिलीने रेघ मार. प्रश्न तिथे आहेत. प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचून येणारे मुलाखतकार लेखकाला पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतात, आणि मग तो त्यांना ठेवणीतली मते काढून देतो.

मराठी श्रोत्यांसाठी हा खटाटोप कशाला, असे तू निराशेने लिहिले आहेस. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ही अर्पणपत्रिका आपण भाषणांत शंभर वेळा ऐकली आहे, पण पुण्यात बसलेल्या फुल्यांना अमेरिकेतल्या मुक्तीविषयी कसे कळले, हे किती जणांनी विचारले? ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, थॉमस पेन वाचला, अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा पाहून आले. हा धागा धरून जा, तुझा एक पूर्ण कार्यक्रम त्यात आहे. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि द्यू बॉइस यांचे उत्तरही आले. ओकलंडमध्ये 1966 साली निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने घेतले. ज्यांच्या घरात ही नाती आहेत त्या श्रोत्यांना कशाला सांगायचे, असे विचारणे मला कळत नाही. हवे तर उलट बाजूने जा. तुझ्या अमेरिकी पाहुण्यांना विचार की द्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत त्यांनी ते पत्र पाहिले आहे का.

प्रश्न आधी पाठवावेत का, असे तू शेवटी विचारले आहेस. प्रश्न पाठवू नकोस. ज्या पानांवर आणि ज्या टिपांवर बोलायचे आहे त्यांचे क्रमांक आठ दिवस आधी पाठव. पुस्तक छापून होईपर्यंत लेखक आपल्याच टिपा विसरलेला असतो, त्याला घरातल्या खोक्यांतून जुने कागद शोधायला वेळ मिळाला पाहिजे. तुझ्या पुढच्या पाहुण्यांचे पुस्तक मी मागवून वाचायला घेतले आहे. 1876 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लुइझियानातून दोन परस्परविरोधी निकाल वॉशिंग्टनला गेले, ती हकीकत त्यांनी फार खात्रीने सांगितली आहे आणि सगळी भिस्त काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे झालेल्या एका साक्षीवर ठेवली आहे. तो साक्षीदार कोण होता, त्याला समितीपुढे कोणी आणले आणि त्याची उलटतपासणी कोणी घेतली, हे विचारल्याशिवाय त्यांना उठू देऊ नकोस.

कळावे.

तुझा,
काका